मूर्तीचा उजवा

आमच्या घरात उजवं-डावं मूर्तीचं असे, माणसाचं नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, लाकडी घोडीवर, म्हणजे तिवईवर, मातीचा अर्धपुतळा ठेवून काम करत असायचे आणि मागे न बघता म्हणायचे, "रघू, उजव्या गालाला पाणी मार." मी पुतळ्यासमोर उभा असेन, तर माझ्या डाव्या हाताला असलेल्या गालावर पाणी मारायचं. पुतळ्याचा उजवा तो उजवा. ही सवय गणपतीपासून आलेली. आजोबा फक्त गणपती करायचे, आणि उजव्या सोंडेचा म्हणजे देवाच्या उजव्या अंगाला सोंड वळलेला, हे कोणालाही ठाऊक असतं. अण्णा गणपती सोडून माणसांचे पुतळे करू लागले तरी हिशोब तोच राहिला. एकदा लहानपणी मी वैतागून विचारलं होतं, की आपण आपल्या बाजूनं का नाही म्हणत. ते म्हणाले, "समोरची माणसं बदलतात. आज मी आहे, उद्या तू असशील, परवा हार घालायला कोणीतरी येईल. मूर्ती जागची हलत नाही. मग मोजायचं कोणापासून?" मला ते पटलं. इतकं पटलं, की घराबाहेरची माणसं वेगळं मोजतात, हे मी विसरून गेलो. आईला मात्र या प्रकाराचा कायमचा त्रास. ती म्हणायची, "ह्यांना मीठ उजवीकडे आहे म्हणून सांगावं, तर हात हळदीत. फळीला कसलं आलंय उजवं?" आणि अण्णा हळदीचं बोट पंच्याला पुसत म्हणायचे, "फळीचं तोंड आपल्याकडे आहे ना, मग फळीचा उजवा बघ."

जुन्नरमधून लेण्याद्रीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर आणि घराला लागून पत्र्याची शेड होती. शेडच्या दारात उभं राहिलं की समोरच्या डोंगरात लेण्यांची काळी तोंडं दिसायची. शेडमध्ये बारा महिने ओल्या गोणपाटाचा वास. शाडूची माती सुकू नये म्हणून चालू कामावर भिजवलेलं गोणपाट टाकून ठेवावं लागे, आणि सकाळी उठल्यावर पहिलं काम ते पुन्हा भिजवण्याचं. चहा नंतर. सकाळच्या आवाजांत मला अजून आठवतो तो माती कुटण्याचा दमदार, एकसुरी आवाज, मग सिमेंट चाळण्याची खसखस, आणि या सगळ्याच्या मधून अण्णांचा खोकला. प्लास्टरची भुकटी त्यांच्या छातीत बसली होती. ती भुकटी आमच्या भाकरीतही असायची. आई पिठल्यावर झाकण ठेवायची, झाकणावर ओला फडका टाकायची, तरी दाताखाली कच्च लागायचं. पाहुणे आले की तिला फार लाज वाटे. अण्णा म्हणत, "खाऊ दे. पोटात पुतळे उभे राहतील." हा विनोद त्यांनी शंभर वेळा केला असेल. आई एकदाही हसली नाही.

अण्णांचं काम गावोगावच्या स्मारकांचं. शाळा काढणारे गुरुजी, लढाईत गेलेला जवान, बाजारपेठ वसवणारा एखादा शेठ. दगडाची किंवा ब्राँझची ऐपत गावांना नसे, म्हणून सिमेंटचा पुतळा आणि वर ब्राँझसारखा दिसणारा रंग. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत एसटीनं फिरताना खिडकीतून बघितलं, तर असे पुतळे अजून दिसतात. चौथऱ्यावर, छत्रीखाली, कावळ्यांनी पांढरे केलेले. त्यांतले बरेच अण्णांचे आणि त्यांच्यानंतरचे माझे. अण्णांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. मातीचं काम पुरं झालं की साचा घेण्याआधी, ज्याचा पुतळा त्याच्या घरातल्या सर्वांत जवळच्या माणसाला बोलवायचं. याला ते 'माती दाखवणं' म्हणत. आई असेल तर आई, नसेल तर बायको, बहीण. ते माणूस यायचं, अण्णा गोणपाट उचलायचे, आणि विचारायचे, "हाच का?" समोरचं माणूस "हाच" म्हणेपर्यंत प्लास्टरचं पोतं उघडायचं नाही. एका गुरुजींची बायको तीन वेळा येऊन "नाक न्हाई तसं" म्हणून गेली, तर अण्णांनी तीन वेळा नाक काढलं. चौथ्या वेळी ती नुसती पदर तोंडाला लावून उभी राहिली. अण्णांनी तरीही विचारलं, "हाच का?" तिनं मान हलवली. ते म्हणाले, "तोंडानं सांगा, वहिनी." मला तेव्हा हा निर्दयपणा वाटला होता.

मी बावीस वर्षांचा होतो. पुण्याला चित्रकलेच्या शाळेत दोन वर्षं काढून परत आलो होतो, आणि घरच्या कामाचा मला कंटाळा आला होता हे आता लिहायला हरकत नाही. पुण्यात मी मानवी देहाच्या मोठमोठ्या गोष्टी ऐकल्या होत्या आणि इथं मला फेट्याच्या चुण्या मोजाव्या लागत होत्या. अशा वेळी करंजवाडीचं काम आलं. करंजवाडी हे आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, घोड नदीच्या वरच्या अंगाचं डोंगरातलं गाव. गावाचं खरं नाव मी इथं बदललं आहे. माणसांचीही बदलली आहेत. पुरात बाजाराहून परतणाऱ्या बायकांची होडी तिथं उलटली होती. भिवा नावाच्या तरुणानं उडी टाकून चौघींना काठाला आणलं, पाचवीसाठी परत गेला आणि वर आला नाही. पुढच्या वर्षी गावानं त्याचा पुतळा उतारावर, जिथं एसटी वळते तिथं, बसवायचं ठरवलं. सरपंच आमच्याकडे आले तेव्हा अण्णांनी पहिला प्रश्न नेहमीचा विचारला, "फोटो आहे का?" सरपंच म्हणाले, "एक हाय. कबड्डीच्या टीमचा. पर त्याची आई घराबाहेर देत न्हाई. तुमचा मानूस पाठवा, त्यो समजावून आनील." तो माणूस म्हणजे मी.

भिवाच्या आईचं नाव हौसाबाई. मी पोचलो तेव्हा ती चुलीपुढं नाचणीच्या भाकरी थापत होती. अंगणात हिरडा वाळत घातला होता. घर एका खोलीचं, आणि चुलीसमोरच्या भिंतीवर खिळ्याला तो फोटो. बनियनमधली सात पोरं ओळीनं उभी, मधल्याच्या हातात ढाल. कौलातून गळलेल्या पाण्याचा तपकिरी डाग फोटोच्या एका बाजूवर पसरला होता. दुसरी बाजू स्वच्छ होती. मी म्हणालो, "मावशी, फोटो महिनाभर लागेल. परत आणून देईन." ती म्हणाली, "माज्याकडं त्याचं तेवढंच हाय बाबा. बाकी सगळं नदीनं नेलं." मी म्हणालो, "जीवापाड जपीन." तिनं हातातली भाकर तव्यावर टाकली, मग म्हणाली, "घ्या काडून." मी फोटो खिळ्यावरून काढला आणि विचारलं, "यातला भिवा कोणता?" तिचे हात पिठात होते. तिनं मान वर करून, चुलीपासून न उठता सांगितलं, "उजव्या अंगाचा दुसरा." मी खिशातली पेन्सिल काढली आणि फोटोच्या मागं लिहिलं, 'उजवीकडून दुसरा'. एवढंच. बोट ठेवून दाखवा असं मी म्हणालो नाही. एका आईला, यातला तुझा मुलगा कोणता हे दोनदा विचारायचा मला संकोच वाटला. तिनं मला भाकर आणि खुरासणीची चटणी वाढली, आणि मी जेवत असताना ती रिकाम्या खिळ्याकडे बघत बसली. चटणी फार चांगली झाली होती. दोनदा मागून घेतल्याचं आठवतं.

तिचा उजवा कोणता होता हे मला तेव्हा खरोखरच सुचलं नाही. फोटोकडे बघणाऱ्याचा उजवा, म्हणजे डागाच्या बाजूचा. जगातल्या कुठल्याही घरात तोच समजला असता. आमच्या घरात अण्णांनी मागचं पेन्सिलचं वाचलं, फोटो उलटा करून समोर धरला आणि फोटोतल्या पोरांच्या उजव्या अंगानं मोजलं. एक, दोन. "बरं झालं," ते म्हणाले, "आपला गडी स्वच्छ बाजूला आला." भिंग लावून त्यांनी तो चेहरा बघितला. रुंद कपाळ, जवळ आलेल्या भुवया, खालचा ओठ किंचित पुढं. अण्णांची छाती तोवर पार गेली होती, दहा मिनिटं काम केलं की वीस मिनिटं बसावं लागे, पण त्या महिन्यात ते सुखी होते. मी सांगाडा बांधला, खांदे आणि छाती भरली. चेहरा सगळा त्यांचा. तसा चेहरा त्यांनी आधी कधी केला नव्हता. कोणीतरी हाक मारलीय आणि हा आता मान वळवणार, असं त्यात काहीतरी आलं होतं. मी पुण्याचा शिकलेला, पण मलाही त्यात खोड काढता आली नाही.

मग अण्णा म्हणाले, "आता जा आणि म्हातारीला घेऊन ये. माती दाखवू." मी सकाळच्या एसटीनं घोडेगावला गेलो. तिथून डोंगरात जाणारी गाडी दिवसातून दोनदा. मला उशीर नव्हता. मी एका हॉटेलात शिरलो, गरम भजी निघत होती, ती घेतली. पुण्याचा एक ओळखीचा भेटला, त्याच्याशी बोलत बसलो, पुण्यातल्या आमच्या मास्तरांच्या नकला केल्या. गाडी समोरून गेली. मी ती जाताना पाहिली. धावलो असतो तर मिळाली असती. दुसरी गाडी संध्याकाळची होती. म्हणजे त्या एका खोलीत मुक्काम, पिसवा, आणि दुसऱ्या दिवशी म्हातारीला हाताला धरून उतरवणं. मी आणखी एक चहा घेतला आणि जुन्नरच्या गाडीत बसलो. घरी येऊन अण्णांना सांगितलं, "तिला ताप आहे, यायचं नाही म्हणाली. तुम्ही फोटोवरून केलंय तेच बरोबर असणार, साचा घ्या म्हणाली." अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "तोंडानं म्हणाली?" मी म्हणालो, "तोंडानं म्हणाली." त्यांनी प्लास्टरचं पोतं उघडायला सांगितलं.

इतक्या वर्षांत मी या जागी पुष्कळ कारणं रचून पाहिली. गाडी बंद पडली होती, दरड आली होती. एकदा तर मी स्वतःलाच पटवलं होतं, की त्या दिवशी ताप मलाच होता. काही नव्हतं. भजी होती. म्हातारपणी माणूस आपल्या चुकीला काहीतरी मोठं कारण मिळावं म्हणून धडपडतो, आणि मला तेवढंही मिळालेलं नाही.

अनावरणाला सगळी करंजवाडी उतारावर जमली होती. अण्णांना खुर्ची दिली होती, पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या शेजारी. ते सारखे रुमालात खोकत होते. माझ्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो फोटो होता, परत करायला आणलेला. पाहुण्यांनी दोरी ओढली, कापड खाली आलं, आणि टाळ्या सुरू व्हायच्या आधी मधे एक फट पडली. त्या फटीत बायकांमधून कोणीतरी अगदी स्वच्छ म्हणालं, "अगं बया, ह्यो तर किसन्या." कोणीतरी हसलं. सरपंचांनी वळून डोळे वटारले. टाळ्या झाल्या. गर्दीच्या कडेला एक तरुण उभा होता. रुंद कपाळ, जवळ आलेल्या भुवया, खालचा ओठ किंचित पुढं. तो पुतळ्याकडे बघत होता आणि त्याच्या भोवतीची माणसं त्याच्यापासून थोडी सरकली होती. मला आमची फळी आठवली, अण्णांचं हळदीचं बोट आठवलं, आणि सगळं कळलं. अण्णांनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणाली रे ती बाई?" मी म्हणालो, "हुबेहूब आहे म्हणाली." अण्णांनी समाधानानं मान हलवली.

मग हौसाबाईला पुढं आणलं. ती पुतळ्यासमोर किती वेळ उभी होती, सांगता येणार नाही. तिनं हार घातला, तो एका बाजूला गेला होता तो सरळ केला. खाली वाकून चौथऱ्यावरच्या अक्षरांवरून बोटं फिरवली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, "हितं भिवाचं नाव हाय ना?" मी हो म्हणालो. "नीट लिवलंय?" मी पुन्हा हो म्हणालो. "मंग असू दे," ती म्हणाली. मी सुटलो असं मला वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "माजा फोटो तेवढा द्या." फोटो माझ्या काखेतल्या पिशवीत होता. तो भिंतीवर परत गेला, की मागचं माझं अक्षर कोणीतरी वाचणार, पुढं पोरं मोजणार, चूक कोणाची ते कळणार, आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या माणसापर्यंत ते पोचणार. मी म्हणालो, "मावशी, फोटो मातीच्या पाण्यात पडला. खराब झाला." ती म्हणाली, "सगळाच?" मी म्हणालो, "सगळाच."

तिनं शाप दिला नाही, रडलीही नाही. "बरं" म्हणाली आणि बायकांत जाऊन बसली.

त्या पुतळ्यानं आमचं नाव झालं. लोक म्हणायचे, मूर्तीवाल्या अण्णांचा करंजवाडीचा पुतळा लई जिवंत. जिवंत असणारच, जिवंत माणसाचाच होता. लांबलांबून माणसं तो बघून यायची, असा करा म्हणायची. अण्णा दोन वर्षांनी गेले. शेवटच्या आजारातही पडल्या पडल्या म्हणायचे, "भुवई बरी जमली होती रे त्या पोराची." मी हो म्हणायचो. पुढं धंदा मी चालवला, दोन्ही तालुक्यांत माझे पुतळे उभे आहेत, आणि माती दाखवण्याचा नियम मी अण्णांपेक्षा कडक पाळला. माझ्या या काटेकोरपणाचं फार कौतुक झालं. एका सत्काराच्या भाषणात कोणीतरी म्हणालं, असा प्रामाणिक कलावंत होणे नाही. मी शाल सावरत खाली बघत होतो. फोटो माझ्या पत्र्याच्या पेटीत, कागदांच्या तळाशी होता. हौसाबाई पुढं एकोणीस वर्षं जगली. एकोणीस वर्षांत एक दिवस एसटीत बसून तो नेऊन द्यायला मला जमलं नाही. आधी अण्णा होते म्हणून. अण्णा गेल्यावर कशासाठी, ते मला सांगता येत नाही.

यंदा करंजवाडीचा रस्ता रुंद करायचं निघालं आणि पुतळा हलवावा लागणार असं ठरलं. हलवताना सिमेंट टिकणार नाही, म्हणून नवाच करू, मोठा करू, असं गावानं ठरवलं. आत्ताचे सरपंच तिशीतले आहेत. शेडमध्ये येऊन त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "बाबा, चारी बाजूनं फोटो काढलेत. तोंड डिट्टो हेच पायजे. गावाची ओळख हाय ती." मी करतो म्हणालो. ते गेल्यावर पेटी उघडली, तळातला फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी नारायणगावची जीप पकडली.

किसन नारायणगावला राहतो हे मला पूर्वीच कळलं होतं. टोमॅटो मार्केटमध्ये त्यानं आयुष्यभर हमाली केली, आता मुलाकडे असतो. छातीपर्यंत पांढरी दाढी. हायवेच्या कडेला मुलाचं टायरचं दुकान आहे, त्याच्यापुढं खुर्ची टाकून बसला होता. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "वळखलं. पुतळ्यावालं. बसा." मी फोटो त्याच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावला. ट्रकांच्या आवाजात मला त्याचं बोलणं वाकून ऐकावं लागत होतं. "ह्यो मी," तो म्हणाला. मग बोटानं एकेक मोजत गेला. "ह्यो कप्तान, ह्यो पाटलाचा, ह्यो मुंबैला गेला त्यो, ह्ये दोघं भाऊ. मंग उरला त्यो भिवा." डागाखाली, उजवीकडून दुसरा. बघणाऱ्याच्या उजवीकडून. मी त्याला सगळं सांगितलं. भजीसुद्धा.

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाला, "जित्या मानसाच्या तोंडाला हार. दरसाल. माजी बायकू त्या दिशी मला घराबाहेर सोडायची न्हाई, दिवसभर रडायची. म्हनली दाढी वाढवा, म्हंजी तरी त्यो निराळा आन तुमी निराळं. मंग दाढी वाढवली. पोरं हसायची, किसनदादा स्वोताच्या पुतळ्याला भिऊन साधू झालं. मंग गावच सोडलं." मी विचारलं, तू कोणाला बोलला का नाहीस. "बोलनार व्हतो. म्हातारीनं हात धरला. म्हनली, चुकलाय म्हनून सांगितलं तर काडून नेत्याल, आन दुसरा कोन देनार हाय? नाव तर त्याचंच हाय." मी विचारलं, "आणि फोटो?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. "फोटोचं तिच्या लई मनाला लागलं. शेवटाला घरात पडून असायची, तवा बी भिंतीकडं बघायची. खिळा तिनं काडू दिला न्हाई."

मी म्हणालो, "हे सगळं मी लिहिणार आहे. तुझी हरकत असेल तर सांग." तो पहिल्यांदा हसला. "लिवा. मला दाढी काडायची हाय. लई खाजती. आन पोरांना म्हनलं व्हतं, मी मेल्यावर फोटोचा खर्च करू नका, पुतळा तयार हाय. आता त्यो बी ऱ्हायचा न्हाई म्हना." फोटो मी त्यालाच देत होतो, त्यानं घेतला नाही. "आदी तोंड करून घ्या," म्हणाला.

दोन महिने मी डागाखालच्या त्या चेहऱ्यावर काम केलं. नखाएवढा चेहरा, त्यातला अर्धा पाण्यानं खाल्लेला. जे दिसलं ते केलं, जे दिसलं नाही ते हौसाबाईवरून केलं. तिची हनुवटी मला आठवत होती, चुलीच्या उजेडात वर उचललेली. माझे हात आता थरथरतात आणि एक डोळा गेलेला आहे, तरी काम वाईट झालं नाही. मग किसनला निरोप पाठवला. भिवाच्या घरचं कोणी उरलेलं नाही, त्याला जवळून पाहिलेला हा एकच. मुलानं त्याला पिकअपमधून आणून शेडच्या दाराशी उतरवलं. दाढी अजून होती. त्यानं टोपी काढली, दारातच थांबला. मी गोणपाट उचललं आणि अण्णांच्या शब्दांत विचारलं, "हाच का?"

तो समोरून बघत राहिला, मग बाजूनं, मग मागं जाऊन परत समोर आला. मातीवर बोट ठेवायला गेला आणि हात मागं घेतला. मी पुन्हा विचारलं, "किसन, हाच का? तोंडानं सांग."

"राव, खोटं कसं सांगू," तो म्हणाला. "असंल. पर मला त्याचं तोंडच आठवंना. त्याचा आवाज इच्यारा, सांगतो. चालायचा कसा, पानी कसं प्यायचा, सगळं सांगतो. इतकी वर्सं त्याच्या नावावर माजंच तोंड बघितलं. आता डोळं मिटून भिवा म्हनलं तरी मीच दिसतो."

आम्ही दोघे चहा प्यायलो. तो जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला, ते त्यानं केलं नसतं तर बरं झालं असतं. प्लास्टरची पोती कोपऱ्यात तशीच आहेत. सरपंचांचा दर दोन दिवसांनी फोन येतो, बाबा, साचा कधी. मी सांगतो, माती अजून दाखवायची आहे. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याचा काटेकोरपणा. फोन ठेवून मी उठतो आणि गोणपाट भिजवतो.